रांग कुठे लागते?

गेली अठरा-एकोणीस वर्षं मी पुण्यात सर्व्हर सांभाळतो. घरचे लोक 'ह्याचं काम कॉम्प्युटरचं' इतकंच सांगतात आणि शेजारच्यांचा प्रिंटर अडकला की मला बोलावणं येतं. खरं म्हणजे माझी निम्मी नोकरी वाटण्या करण्यात गेली. स्टोरेजच्या कपाटात वीस-पंचवीस टेराबाइट जागा असते. ती आभासी सर्व्हरना, म्हणजे व्हीएमना, वाटून द्यायची. तुकडे किती, केवढे, कुणाच्या शेजारी कोण, हे ठरवायचं आणि वर सगळं वेगातही चाललं पाहिजे. वाटणी करणाऱ्याला गावात कुणी चांगलं म्हणत नाही. इथंही म्हणत नाहीत. पण बऱ्याचदा चूक माझीच होती, त्यामुळे तक्रार नाही.

१. ड्राइव्हचं अक्षर वेगळं म्हणजे डिस्क वेगळी, असं नसतं. हे मला एका ३१ मार्चच्या रात्री कळलं. तेव्हा मी एका बँकेचं काम बघत होतो. डेटाबेसच्या मॅडमनी रीतसर मेल करून मागितलं होतं की डेटा, लॉग आणि टेम्पडीबी तिन्ही वेगवेगळ्या डिस्कवर हवेत. मी दीड टेराबाइटची एक आभासी डिस्क घेतली, तिची तीन पार्टिशन पाडली, डी, ई, एफ अशी नावं दिली आणि 'डन' असं उत्तर पाठवून जेवायला गेलो. वर्षअखेरीचं व्याज लावायचं काम रात्री दहाला सुरू झालं. दोन वाजता ते एक तृतीयांशही झालं नव्हतं. मॅडम खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"तुम्ही डिस्क वेगळ्या दिल्या म्हणालात ना?"

"दिल्यात की मॅडम. डी, ई, एफ."

"अहो, ती अक्षरं झाली. डिस्क किती?"

मी डिस्क मॅनेजमेंट उघडलं. डिस्क झीरो, त्यावर विंडोज. डिस्क वन, त्यावर चाळीतल्या खोल्यांसारखे एका ओळीत डी, ई आणि एफ. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी थर्मासमधला चहा ओतला. एकच कप.

२. खरोखर वेगळ्या डिस्क दिल्या तरी खालची विहीर एकच असू शकते. दुसऱ्याच आठवड्यात मी शहाणा होऊन तीन निरनिराळ्या लन, म्हणजे स्टोरेजनं स्वतंत्र डिस्क म्हणून दिलेले तुकडे, मागून घेतल्या. स्टोरेजवाल्यानं त्या आनंदानं दिल्या, आणि तिन्ही एकाच रेड गटातून कापून दिल्या. आठ डिस्क, १५,००० फेऱ्यांच्या. अशी एक डिस्क सेकंदाला साधारण १८० कामं करते, म्हणजे आठ मिळून १,४४०. ऐकायला बरं वाटतं. पण गट रेड-५ चा होता. त्यात छोटं काही लिहायचं तर आधी जुना मजकूर वाचायचा, जुनी पॅरिटी वाचायची, मग दोन्ही नव्यानं लिहायची. एका लिखाणामागे चार कामं. निम्मं वाचन आणि निम्मं लेखन धरलं तर १,४४० ला अडीचनं भागायचं. हाती उरले ५७६.

म्हणजे मी जी वाटणी केली होती ती ५७६ ची. शिवाय लॉग सरळ एका रेषेत लिहिला जातो आणि डेटा जिथं सापडेल तिथं. दोघांना एकाच तबकडीवर बसवलं की डिस्कचं डोकं बिचारं इकडून तिकडे पळत राहतं आणि लॉगचा सरळपणा वाया जातो. शेवटी लॉगसाठी चार डिस्कचा आरशासारखा रेड-१० गट निराळा काढला. काम निम्म्या वेळेत आलं. स्टोरेजवाला म्हणाला, "आधी सांगायचं ना, वेगळा गट पाहिजे म्हणून." मला हे मागायचं असतं हेच ठाऊक नव्हतं, पण मी मान अशी हलवली की जणू विसरलो होतो.

३. रांग मोडता येत नाही, ती फक्त पुढच्या खिडकीवर नेता येते. मला या धंद्यात जे काही थोडंफार कळलंय त्यातलं बरंचसं याच्याभोवती फिरतं, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

पुढे फ्लॅशचं स्टोरेज आलं. आता कसली तबकडी आणि कसलं डोकं, असं वाटून मी डेटाबेसच्या सगळ्या फायली मोठ्या एका डिस्कवर टाकून मोकळा झालो. तक्रार आलीच. विंडोजच्या आतून बघितलं तर प्रत्येक वाचनाला ४० मिलिसेकंद. स्टोरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "आमच्याकडे दोन मिलिसेकंद. तुमचं तुम्ही बघा." तीन दिवस आम्ही एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवून भांडलो. सीसीमध्ये साहेब वाढत गेले.

दोघंही खरं बोलत होतो. त्या व्हीएमला जुन्या धाटणीचा एलएसआय लॉजिक सॅस कंट्रोलर होता. त्यातून एका डिस्कच्या ३२ मागण्या एका वेळी पुढे जातात, तेहेतिसावी आतच थांबते. ३२ मागण्या दोन मिलिसेकंदांत परत येत असतील तर सेकंदाला १६,००० कामं होतात, त्याहून जास्त नाही. डेटाबेस तर सहाशेच्या वर मागण्या एकदम टाकत होता. बत्तीस गाभाऱ्यात आणि सहाशे बाहेर उन्हात. स्टोरेजवाला गाभाऱ्यातला वेळ मोजत होता, मी घरून निघाल्यापासूनचा.

मग मी व्हीएमवेअरचे पॅराव्हर्च्युअल कंट्रोलर लावले. त्यांत एका डिस्कला ६४ मागण्यांची मुभा असते आणि एका कंट्रोलरला २५४. व्हीएमला असे चार कंट्रोलर देता येतात. डेटाच्या चार फायली, चार डिस्क, चार कंट्रोलर. चार गुणिले चौसष्ट, दोनशे छप्पन्न! मी हे फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या. फरक पडला, पण दुप्पट म्हणजे दुप्पटच. चौपट काही होईना. ईएसएक्सटॉप उघडून बघितलं तर एरवी शून्याशेजारी रेंगाळणारा केएव्हीजी, म्हणजे हायपरव्हायझरमध्ये मागणी ताटकळण्याचा वेळ, फुगलेला. चारही डिस्क मी एकाच डेटास्टोअरवर, म्हणजे एकाच लनवर, ठेवल्या होत्या, आणि त्या लनकडे जाणाऱ्या कार्डाची मर्यादा होती ६४. रांग विंडोजमधून उठून एक मजला खाली येऊन बसली होती.

पंढरपूरला दर्शनमंडप कितीही मजली बांधा, पायाशी एका वेळी एकच माथा टेकतो. मी वरचे मजले बांधत बसलो होतो. चार डिस्क चार निरनिराळ्या डेटास्टोअरवर नेल्या तेव्हा कुठे रांग सरकली. त्यानंतर स्टोरेजवाल्याचा फोन आला. त्याच्याकडचे दोन मिलिसेकंद आता पाच झाले होते आणि आपण काय केलं असं मला विचारत होता.

४. चार डिस्क दिल्या म्हणजे चारही कामाला लागतात, हा माझा भोळेपणा होता. लिनक्सच्या एका सर्व्हरला मी चार डिस्क जोडून एलव्हीएमनं त्यांचा एक व्हॉल्यूम केला. आयओस्टॅट लावलं तर पहिली डिस्क शंभर टक्के राबतेय आणि उरलेल्या तिघी भिंतीला टेकून उभ्या. काही वेगळं सांगितलं नाही तर एलव्हीएम डिस्क एकापुढे एक जोडतं. पहिली भरली की दुसरी. मजकूर सगळ्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरायचा असेल तर व्हॉल्यूम करतानाच किती डिस्कवर आणि केवढी पट्टी हे सांगावं लागतं. आणि एकदा पट्टे पाडले की पुढे वाढवतानाही साधारण तितक्याच डिस्क एकदम द्याव्या लागतात. एक दिली तर चालत नाही. ही वाढवण्याची अट मला दोन वर्षांनी, शनिवारी संध्याकाळी, व्हॉल्यूम ९८ टक्के भरलेला असताना कळलं.

५. समान वाटणी आज समान असली तरी उद्या राहीलच असं नाही. एसक्यूएल सर्व्हर एकाच गटातल्या फायलींमध्ये नवा मजकूर वाटतो तो जिच्याकडे जितकी मोकळी जागा त्या प्रमाणात. चार फायली भरत आल्या म्हणून मी पाचवी जोडली, कोरी करकरीत, नव्या डिस्कवर. जवळजवळ सगळं लेखन तिथंच धावलं. गल्लीत नवं हॉटेल उघडलं की पहिला महिनाभर सगळी गर्दी तिथंच, तसं. जुन्या चार डिस्क आराम करत होत्या. चारही फायली सारख्या प्रमाणात वाढवायला हव्या होत्या, किंवा पाचवी जोडल्यावर इंडेक्स नव्यानं बांधून मजकूर पसरवायला हवा होता. मॅडमनी ते केलंही, माझ्या आधी, मला न सांगता.

६. काही नियम मरून गेलेले असतात आणि आपण त्यांचं श्राद्ध घालायच्या ऐवजी संसार चालवत असतो. मी शिकलो तेव्हा डेटास्टोअरसाठी व्हीएमवेअरची व्हीएमएफएस-३ ही फाइल सिस्टीम होती. एक लन २ टेराबाइटपर्यंतच, आणि डेटास्टोअरवर नवी फाइल करायची, स्नॅपशॉट घ्यायचा किंवा थिन डिस्क, म्हणजे लिहू तशी जागा घेणारी डिस्क, वाढवायची तरी क्षणभर आख्खी लन एका सर्व्हरच्या ताब्यात जायची. बाकीचे सर्व्हर दाराशी उभे. म्हणून जाणती माणसं सांगायची की लन छोटी ठेव, तीवर दहा-पंधरा व्हीएम, बस्स. मी ५०० जीबीचा आकडा धरला आणि जानव्यासारखा जपला.

२०११ मध्ये व्हीएमएफएस-५ आलं. लन ६४ टेराबाइटपर्यंत नेता येऊ लागली, आणि ज्या स्टोरेजला नवी सोय होती त्यात सगळ्या लनऐवजी हवी तेवढीच जागा कुलूपबंद होऊ लागली. मी ५०० जीबीच करत राहिलो. का, असं विचारलं असतं तर 'परफॉर्मन्स' म्हणालो असतो. हा शब्द उच्चारला की आमच्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

मग एका सकाळी ३०० जीबीची व्हीएम उभी करायची होती. माझ्याकडे अशा ४८ लन होत्या, मिळून २४ टेराबाइट. प्रत्येकीत ६० जीबीच्या आसपास मोकळे. बेरीज केली तर पावणेतीन टेराबाइटच्या वर जागा शिल्लक, आणि ३०० जीबी ठेवायला कुठं जागा नाही. आमच्या गावाकडच्या जमिनीची आठवण झाली. भावाभावांत वाटण्या होत होत अशा पट्ट्या उरल्यात की बैल वळवायचा तर शेजाऱ्याच्या शेतात पाय पडतो. त्यासाठी निदान १९४७ चा तुकडेबंदी कायदा तरी आहे. सर्व्हर रूममध्ये मला अडवणारं कुणी नव्हतं. पुढचे दोन महिने मी रात्री व्हीएम इकडून तिकडे हलवून तुकडेजोड करत बसलो. आता आमच्या लन ४ ते ८ टेराबाइटच्या असतात. ज्यांना खरोखर स्वतःची रांग हवी त्या दोन-तीन डेटाबेसना तेवढ्या निराळ्या.

७. साच्यातली चूक एकदाच होते, पण भोगावी लागते प्रत्येक नगाला. विंडोज २००३ पहिलं पार्टिशन ६३ सेक्टर सोडून सुरू करायचं, म्हणजे साडेएकतीस केबीवर. खालच्या स्टोरेजची पट्टी ६४ केबीची. त्यामुळे ६४ केबीचं प्रत्येक वाचन दोन पट्ट्यांवर पाय देऊन उभं. एका वाचनाचं काम दोन ठिकाणी. विंडोज २००८ पासून हे अंतर १ एमबी झालं आणि प्रश्न मिटला. फक्त मी २००३ च्या साच्यावरून तोवर सत्तर व्हीएम काढल्या होत्या.

८. क्लाऊडमध्ये जागा आणि वेग एकाच ताटात वाढलेले असू शकतात, हे कळायला मला एक बिल आणि एक फजिती लागली. फजिती आधी सांगतो. ॲमेझॉनच्या जीपी-२ व्हॉल्यूमला जीबीमागे सेकंदाला ३ कामं मिळायची. माझा व्हॉल्यूम १०० जीबीचा, म्हणजे हक्काची ३००. पण छोट्या व्हॉल्यूमला वर एक गल्ला भरून मिळतो, ५४ लाख कामांचा. तो संपेपर्यंत सेकंदाला ३,००० नं उडवा. मी चाचणी घेतली वीस मिनिटांची. सुंदर. सगळ्यांना दाखवली. सोमवारी खरं काम सुरू झालं आणि अर्ध्या तासानं सगळं चिखलात रुतलं. मागून हिशेब केला: ३,००० उडवायचे, ३०० भरले जायचे, गल्ल्यातून सेकंदाला २,७०० जाणार. ५४ लाख भागिले २,७०० म्हणजे २,००० सेकंद. तेहेतीस मिनिटं. माझी चाचणी तेरा मिनिटं आधी संपली होती. कागदपत्रांत हे सगळं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

बिल नंतर आलं, कारण घाबरून मी १०० जीबीच्या मजकुरासाठी १ टेराबाइटचे चार व्हॉल्यूम घेतले आणि त्यांना पट्ट्यांनी जोडलं. कागदावर १२,००० झाले. हाती तेवढे येईनात, कारण ज्या मशीनला ते जोडले होते त्याची स्वतःची मर्यादा त्याच्या निम्मी होती. पुन्हा तीच खिडकी, एक मजला वर. डिसेंबर २०२० मध्ये जीपी-३ आलं, त्यात आकार काहीही असो, ३,००० मिळतातच आणि वरचे वेगळे विकत घेता येतात. तेव्हा मी ते चार तुकडे काढून एक केला.

९. आकडा फार छान आला की घाबरायला हवं. नवं स्टोरेज आलं, त्यावर मी कोरी थिन डिस्क केली आणि वाचनाची चाचणी लावली. स्क्रीनवर जे उमटलं ते बघून मी साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी त्यांच्या साहेबांना फोटो पाठवला. त्या डिस्कवर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं. न लिहिलेली जागा वाचायला सांगितली की स्टोरेज डिस्कपर्यंत जातच नाही, तिथल्या तिथे शून्यं काढून हातावर ठेवतं. मी शून्य वाचण्याचा विक्रम केला होता. आता आधी आख्खी डिस्क आडव्यातिडव्या मजकुरानं भरतो, मगच मोजतो. पण तो फोटो अजून कुठल्यातरी सादरीकरणात आहे, असं ऐकतो.

१०. वेग म्हणजे फक्त सेकंदाला किती, असं मी बरीच वर्षं धरून चाललो. फायलींच्या सर्व्हरवर १० टेराबाइटचा एकसंध व्हॉल्यूम होता. चालायला उत्तम. एके दिवशी तो बॅकअपमधून परत आणायची वेळ आली. साहेब दारात उभे, "किती वेळ?" सेकंदाला २०० एमबी येत होते. १० टेराबाइट म्हणजे ५०,००० सेकंद. मी मनात भागाकार करत होतो आणि चेहरा सांभाळत होतो.

"उद्या सकाळी," मी म्हटलं.

"उद्या? अरे, अकाउंट्सला फक्त त्यांचं फोल्डर हवंय."

अकाउंट्सचं फोल्डर ४०० जीबीचं होतं. ते वेगळ्या व्हॉल्यूमवर असतं तर पाऊण तासाच्या आत हाती आलं असतं. पट्ट्यांनी जोडलेल्या व्हॉल्यूमचं तर आणखी अवघड. चारातली एक डिस्क गेली की चारही गेल्या, आणि चौघांचे स्नॅपशॉट एकाच क्षणाचे नसले तर परत आणलेलं काही कामाचं नाही. तेव्हापासून तुकडा किती मोठा हे ठरवताना मी आधी 'हा पडला तर उठवायला किती तास' हे लिहितो, आणि मग बाकीचं. कधी कधी ते तास वाचूनच मागणारा स्वतःहून तुकडे सुचवतो.

११. आपल्या जुन्या कामाकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणं फार अवघड जातं. मागच्या महिन्यात आमच्याकडे नवीन आलेली मुलगी सगळ्या व्हीएमची यादी तपासत होती. हातात कागद घेऊन आली.

"सर, हा सर्व्हर कसला आहे?"

मी नाव बघितलं. कँटीनच्या कुपनांचा. दिवसाला दोन-अडीचशे नोंदी होत असतील.

"याला चार पॅराव्हर्च्युअल कंट्रोलर आहेत सर. सात डिस्क, चार वेगवेगळ्या डेटास्टोअरवर. टेम्पडीबीसाठी वेगळी. यामागे काही कारण होतं का?"

मी तारीख बघितली. चार डेटास्टोअरवाला तो प्रकार जमला त्याच्या पुढच्याच आठवड्यातली होती.

"त्या आठवड्यात मी जरा खुशीत होतो," मी म्हटलं.

तिनं ते कागदावर लिहून घेतलं, शेऱ्याच्या रकान्यात.

"मग एकत्र करून टाकू?"

"कर. पण एक वाजून गेल्यावर कर. साडेबाराला कुपनांची रांग लागते."